तळ्याकाठी एक रात्र : वाघाखेरीज काय सांभाळावे?

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला मेळघाटातल्या पाणवठ्यांवर माणसांचीही हजेरी लागते. नाले कोरडे पडलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर रात्री प्राणी येतात आणि चांदण्यात ते दिसतात. म्हणून या रात्री मचाणावर बसून त्यांची नोंद घ्यायची, ही जुनी पद्धत. वाघांचा खरा हिशेब आता कॅमेरा ट्रॅपवरून होतो. मचाणावरची रात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून उरली आहे. तरी अमरावती-अकोल्याचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि कॉलेजची पोरे त्या नोंदणीकडे डोळे लावून बसलेली असतात. हिवाळ्यात प्रकार बदलतो. पाठीवर सॅक, सोबत तंबू, आणि चिखलदरा, शहानूर किंवा एखाद्या धरणाच्या काठी, जिथे परवानगी असेल तिथे, एक मुक्काम. दहा वर्षांपूर्वी हे वेड पुण्या-मुंबईकडचे मानले जाई. आता परतवाड्याच्या दुकानातही झोपण्याची पिशवी मिळते.

निघण्याआधी प्रत्येक गटात एक प्रश्न हमखास विचारला जातो : रात्री बिबट आला तर? प्रश्न चुकीचा नाही. मेळघाटात अस्वलही आहे, आणि मोहफुलांच्या दिवसांत त्याची गाठ पडणे वाघापेक्षा वाईट. पण अशा सहलींहून माणसे रुग्णालयात येतात ती बहुधा वेगळ्याच कारणांनी. त्यांतली बरीचशी कारणे तळ्याकाठच्या त्या एका रात्रीत, ठरावीक क्रमाने समोर येतात.

सुरुवात दुपारपासून होते. २०२४ साली बुद्धपौर्णिमा २३ मे रोजी होती. त्यानंतर दोनच दिवसांनी अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लावावे लागले. वऱ्हाडातल्या माणसाला ऊन नवे नाही, पण वर्षभर कूलर-एसीत बसणाऱ्या शरीराला ते नवेच असते. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातले पाणी वाढते. शनिवारी दुपारी कार्यालयातून उठून थेट सॅक पाठीवर घेणाऱ्याला ही सवड मिळत नाही. चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो. मचाणावर पोहोचेपर्यंत माणूस अर्धा वाळलेला असतो, आणि रात्र होऊनही दगड तापलेलेच राहतात.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर, भरपूर घाम ही पहिली पायरी. सावलीत आडवे करून मीठ-साखरेचे पाणी दिले तर माणूस तासा-दोन तासांत सावरतो. एक लिटर पाण्याला सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. ओआरएसचे पाकीट असेल तर उत्तमच, पण ते पूर्ण लिटरभर पाण्यात घालायचे. पेलाभर पाण्यात पाकीट रिकामे करणारे पुष्कळ असतात. दुसरी पायरी वेगळी आहे : माणूस असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, तोल जातो, अंग तव्यासारखे तापते. याला आपण ‘ऊन लागले’ म्हणतो आणि हा जिवावरचा प्रसंग असतो. इथे आधी थंड करायचे, मग न्यायचे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि हे गाडीतही चालू ठेवा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. खिशातल्या कांद्यानेही काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. दुपट्टा मात्र खरोखर कामाचा आहे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. विदर्भात आणखी एक गट आहे, ज्याचा विचार सहलीच्या यादीत कुणी करत नाही : सिकलसेलचे रुग्ण. पाणी कमी पडणे, अतिश्रम, अचानक गारठा किंवा थंड पाण्यात पोहणे, यांतल्या कशानेही त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचे वाहक, म्हणजे ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो, त्यांनीही कडक उन्हात एका दमात चढ चढण्याची ईर्षा करू नये. आपल्याकडे चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते; विशीतल्या मुलामुलींनी ती करून ठेवलेली बरी.

मग पाण्याचा प्रश्न. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, त्यामुळे ओझे कमी करताना पहिली कुऱ्हाड बाटल्यांवरच पडते. ‘समोर तळे आहेच की!’ तळ्याचे पाणी नितळ दिसते. ज्या पाण्यावर रात्रभर गुरे आणि रानडुकरे येतात, ज्याच्या काठावर माणसे सकाळी बसतात, ते नितळ असले तरी पिण्याचे नव्हे. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांपैकी कशालाही पाणी गढूळ असावे लागत नाही. पाणी फडक्याने गाळा, खळखळून उकळा, निदान एक मिनिट तरी उकळी राहू द्या, आणि झाकून निवू द्या. क्लोरीनची गोळी वापरली तर तिच्यावर लिहिलेला वेळ, बहुतेकदा अर्धा तास, धीर धरा.

इथे थोडे विषयांतर. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्याने साथ पसरली आणि माणसे दगावली. सहलीला येणारा एका रात्रीपुरते पाणी उकळतो आणि सकाळी खाली उतरतो. ज्या जंगलात तो ‘अनुभव’ घ्यायला येतो, तिथल्या कोरकू कुटुंबाला तेच पाणी, तीच जमीन आणि तोच अंधार बारा महिने असतो. पुढे जे सर्पदंशाबद्दल येणार आहे, तेही आधी त्यांनाच लागू आहे.

संध्याकाळी पोरे पाण्यात उतरतात. या भागातल्या तलावांच्या आणि धरणांच्या काठाला काळ्या मातीचा गाळ असतो. वरून कोरडा दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो, आणि जितकी धडपड करावी तितका धरून ठेवतो. धरणात जुन्या नाल्याचे पात्र बुडालेले असते. कमरेइतक्या पाण्यातून एका पावलात दोन पुरुष खोली येते. त्यात पोटात दारू असली तर पोहणाऱ्याचा अंदाज चुकतो आणि काठावरच्यांचाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, त्याला श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, आणि हे सगळे मिनिटभरात गुपचूप उरकते. त्याला वाचवायला दुसऱ्याने उडी मारली की बहुधा दोघे जातात. दोर, दुपट्टे बांधून केलेली दोरी, रिकामी बंद कॅन, लांब काठी, जे असेल ते फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, उलटे टांगू नका. श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या आणि छातीवर दाब सुरू करा.

आता रात्र. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली, गप्पा झाल्या, आणि निम्मे लोक तंबूत, निम्मे ताडपत्रीवर आडवे झाले. इथून पहाटेपर्यंतच्या वेळेतला खरा धोका वाघाचा नाही. तो मण्यारीचा आहे.

भारतात सर्पदंशाने सर्वाधिक मृत्यू घडवणारे चार साप मानले जातात : नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला गेला. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. या चौघांत मण्यारीची रीत निराळी. ती दिवसा सुस्त असते, रात्री फिरते. उंदीर, बेडूक, पाली आणि दुसरे साप हे तिचे खाणे, त्यामुळे पाण्याजवळची जागा तिला मानवते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणाशी ती येते आणि झोपेत कूस बदलताना तिच्यावर हात पडला की चावते. तिचे दात इतके बारीक की बहुतेकांना चावल्याचे कळतच नाही. सूज नाही, रक्त नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही.

पहाटे तीन-चारच्या सुमारास माणूस पोट धरून उठतो. पोटात कळ, एखादी उलटी, घसा दुखतो आहे असे वाटते. सोबत्यांचे निदान ठरलेले : रोडगे बाधले. कुणी ओवा देतो, कुणी सोडा. तासाभराने पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसते, आवाज घोगरा होतो, थुंकी गिळता येत नाही. झोप आली असेल म्हणून त्याला पुन्हा निजवले जाते, आणि इथेच घात होतो. मण्यारीचे विष नसांच्या टोकांवर काम करते. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप थांबतो. आधी पापण्या, मग घसा, मग श्वासाचे स्नायू. माणूस शुद्धीत असतो आणि त्याला श्वास घेता येत नाही.

सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते, पण ती रक्तात फिरणाऱ्या विषालाच पकडते. नसांची टोके एकदा बिघडली की लस ती दुरुस्त करू शकत नाही. शरीराला नवी टोके उभारायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तेवढा काळ रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. ठेवता आले तर तो बहुधा पूर्ण बरा होऊन चालत घरी जातो. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये घाट, आणि अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अकारण पोटदुखी आणि जड पापण्या असतील, तर खूण सापडो न सापडो, मण्यार चावली असे धरून निघावे. हात-पाय हलू न देता, लाकडाच्या पट्टीने आधार देऊन न्यावे. आवळून दोरी बांधू नये, चिरा देऊ नयेत, विष चोखू नये, साप शोधत बसू नये. गावच्या भूमकाकडे नेण्याचा आग्रह झाला तर वाद न घालता त्यालाच गाडीत सोबत घ्यावे. वेळ वाचतो आणि गावचा मानही राहतो. १०८ ला फोन लागेपर्यंत थांबू नये. सहलीला निघण्यापूर्वी चिखलदरा, धारणी, परतवाडा किंवा अकोट यांपैकी जवळचे रुग्णालय कोणते, तिथे लस आहे का आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, एवढे कागदावर लिहून ठेवणे हे तंबूइतकेच सामान आहे.

टाळायचा उपाय मात्र स्वस्त आहे. जुनी माणसे अंगणातही बाजेवर निजत, ते उगीच नव्हे. बाज नसेल तर गादीखाली चहूबाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. तंबू असेल तर त्याची चेन पूर्ण लावलेली हवी. ‘थोडी हवा येऊ द्या’ म्हणून ठेवलेली वीतभर फट मण्यारीला पुरते. खरकटे तंबूजवळ टाकले की उंदीर येतात आणि उंदरांमागे ती येते. रात्री उठताना बॅटरी आणि बूट, आणि बूट घालण्याआधी झटकलेले.

झटकायचे ते विंचवासाठीही. लाल विंचवाचा दंश मुलांमध्ये हृदयावर जातो : घाम, उलट्या, हातपाय गार, मग दम लागणे. एके काळी यात पुष्कळ मुले दगावत. महाडला राहून या दंशावर प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध किती उपयोगी पडते हे दाखवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वेदना कितीही असल्या तरी विंचू ‘उतरवण्यात’ पहिले दोन तास घालवू नयेत.

डिसेंबर-जानेवारीत साप कमी दिसतात आणि गारठा त्यांची जागा घेतो. थंड हवा जड असते; ती उतारावरून घरंगळत तळ्याच्या खोलगटात साचते. म्हणून अगदी पाण्याच्या काठापेक्षा थोडे वर, झाडांच्या आडोशाला तंबू ठोकलेला बरा. अंगावर दोन ब्लँकेटे घेऊन खाली एकच सतरंजी अंथरणारे रात्रभर कुडकुडतात, कारण ऊब जमीन ओढून घेते. जाड थर खाली हवा. आणि कितीही हुडहुडी भरली तरी कोळशाची शेगडी तंबूत घेऊ नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस जागा होत नाही.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्यावर नरनाळा आहे. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे रात्र काढता येत नाही. सॅक घेऊन येणारे पायथ्याशी शहानूरला थांबतात आणि सकाळी वर जातात. वर शक्कर तलाव आहे. या तलावात परीस आहे अशी दंतकथा होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात तलाव आटला तेव्हा परीस काही सापडला नाही. दुसरी समजूत मात्र आटली नाही. कुत्रा चावलेल्याने तलावात स्नान करावे, दर्ग्यावर गूळ आणि चण्याची डाळ वाहावी आणि मागे वळून न पाहता गड उतरावा, म्हणजे तो बरा होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

ही समजूत टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. पिसाळलेले असले तरी चावलेल्या प्रत्येकाला रेबीज होतोच असे नाही. त्यामुळे तलावावर जाऊन आलेले बहुतेक लोक ठणठणीत राहतात आणि ते सांगतात. ज्याला रेबीज होतो, त्याला तो बहुधा एक ते तीन महिन्यांनी होतो. तोवर गडाची फेरी मागे पडलेली असते, आणि तो सांगायला उरत नाही, कारण लक्षणे दिसल्यावर रेबीजमधून जवळपास कुणीच वाचत नाही. दर्ग्याला मान द्यायला हरकत नाही. पण आधी जखम साबण लावून धारेखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरला तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी त्वचेतली लस पूर्ण होते. जखम खोल किंवा रक्त आलेली असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. चिखलदऱ्याच्या पॉइंटांवर हातातला मक्याचा भुट्टा हिसकावताना माकडाने ओरबाडले किंवा चावले, तरी हेच करायचे.

सहल संपते, सॅक माळ्यावर जाते, फोटो पाठवून होतात. साधारण दहा-बारा दिवसांनी एखाद्याला ताप भरतो. डोके फुटेल असे दुखते, अंग मोडून येते. डेंग्यूची चाचणी होते, मलेरियाची होते, काही सापडत नाही, ताप हटत नाही. पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच तळ्याकाठच्या उंच गवतात बसून-लोळून आलेल्याला असा ताप आला तर स्क्रब टायफस आठवायला हवा. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात त्याची साथ येऊन गेली, तोवर हे नाव इकडे फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. गवतातल्या किडीच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या अंगावर चढतात आणि त्यांच्या चाव्यातून जंतू शिरतात. वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त गोळीने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. राहून गेला तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांपर्यंत जातो. बाह्या आणि विजारी लांब ठेवणे, गवतावर थेट न बसणे, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुवायला टाकणे, एवढ्याने बरेचसे टळते. आणि ताप आलाच, तर आपण कुठे झोपलो होतो हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. चावलेल्या जागी पुष्कळदा सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग उमटतो. तो दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत, जांघेत किंवा नाडीच्या खाली लपलेला असतो. तो रुग्णाला स्वतःला माहीत नसतो, कपडे काढून उजेडात शोधावा लागतो.